बेसिनखालची बादली

मागच्या अंकात गळक्या नळांबद्दल लिहिलं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती, ‘बेसिनखाली बादली ठेवून दिवस काढत असाल तर कळवा.’ कळवलंत! पत्रांचा गठ्ठा बघून बायको म्हणाली, “सगळ्या गावाच्या बेसिनखाली बादल्या दिसतायत.” मी काही बोललो नाही, कारण आमच्याच वरच्या मजल्यावरच्या बेसिनखाली तीन महिने श्रीखंडाचा डबा होता. प्लंबरच्या घरचं काम सगळ्यात शेवटी होतं.

नव्या वाचकांसाठी दोन शब्द. पुण्यात १९८४ सालापासून हेच काम करतोय. पेठांतल्या वाड्यांमध्ये उस्तादांच्या हाताखाली बिगारी म्हणून सुरुवात केली, पुढे सोसायट्या आल्या. आता गुडघे बोलायला लागले म्हणून बाहेरची कामं मुलगा बघतो, मी दुकानात बसतो आणि ही पत्रं वाचतो. वॉशरला मी वायसर म्हणतो. संपादकांनी दोनदा दुरुस्त करून पाहिलं, मग सोडून दिलं.

डोंबिवलीहून एक वाचक भगिनी लिहितात :

दोन वर्षांपूर्वी बाथरूम नवं केलं. काउंटरवर ठेवायचं वाडग्यासारखं बेसिन घेतलं, खाली कपाट करून घेतलं. सहा महिन्यांत कपाटाचा तळ फुगला. प्लंबर तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा नट आवळला, दुसऱ्यांदा बॉटल ट्रॅपला, म्हणजे खालच्या बाटलीसारख्या भांड्याला, टेप गुंडाळली, तिसऱ्यांदा सगळ्याभोवती एम-सीलचा लाडू थापून गेला. तरीही बेसिन भरून सोडलं की खाली थेंब. गंमत म्हणजे झाकण बंद करून बेसिन तासभर भरून ठेवलं तर एक थेंब नाही, आणि नळ बारीक सोडला तरी नाही. आता तो म्हणतो, बेसिनलाच बारीक तडा आहे, बदला. बदलू का?

उत्तर : बदलू नका, ताई. तडा असता तर तासभर भरून ठेवल्यावर गळलंच असतं. तुम्ही जिला गंमत म्हणताय तोच पुरावा आहे.

बेसिनच्या भोकातून खाली उतरणारी जी नळी असते ती वेस्ट कपलिंग. वर बशीसारखी कड, ती भोकावर बसते. अंगावर बाहेरून आटे. खालून रबरी वायसर, त्याखाली चपटी चकती, त्याखाली नट. नट आवळला की वरून कड आणि खालून वायसर बेसिनला चिमटीत धरतात. एवढं सगळ्या प्लंबरांना माहीत असतं. लक्ष जात नाही ते मधल्या पोकळीकडे. भोक नळीपेक्षा थोडं रुंद असतं, त्यामुळे नळी आणि चिनी माती यांच्यामध्ये काडीभर फट गोल फिरलेली असते. त्या फटीत पाणी शिरलं की ते वायसरवर उभं राहतं. वायसर बेसिनच्या बुडाला कितीही घट्ट चिकटलेला असू दे, नळीच्या आट्यांची खाच मोकळीच असते. वाड्यातला गोल जिना आठवा. पाणी त्या जिन्याने फिरत फिरत नटाच्या आतून उतरतं, नटाखाली बाहेर येतं, नळीवरून ओघळतं आणि बॉटल ट्रॅपच्या टोकाला जाऊन टपकतं. बघणारा ट्रॅपला दोष देतो. तुमच्याकडे ट्रॅपला टेप लागली ती म्हणूनच. नट आवळून जिना बंद होत नाही, आणि बाहेरून एम-सील थापलं तर पाणी दुसरी वाट शोधतं. माल चांगला आहे, जागा चुकली.

आता फटीत पाणी शिरतं कुठून? दोनच वाटा. एक, वरच्या कडेखालून, जर कडेखाली काही भरलेलंच नसेल तर. तुमची कड घट्ट आहे, कारण बंद झाकणावर पाणी तासभर उभं राहिलं. राहिली दुसरी वाट. दुकानात कपलिंग दोन तऱ्हेचं मिळतं, हाफ थ्रेड आणि फुल थ्रेड. हाफ थ्रेडच्या वरच्या भागात आटे नसतात, तिथे नळीला खिडक्या कापलेल्या असतात. ज्या बेसिनला वरच्या कडेजवळ ओव्हरफ्लोचं, म्हणजे जास्तीचं पाणी जाण्याचं, भोक असतं त्याच्यासाठी हे. तिथून आलेलं पाणी चिनी मातीच्या आतल्या पोकळीतून खाली येतं आणि या खिडक्यांतून नळीत शिरतं. वाडग्यासारख्या बेसिनांना बहुतेक वेळा ओव्हरफ्लो नसतो. त्यांना खिडक्या नसलेलं फुल थ्रेड लागतं. तुमच्याकडे खिडक्यांचं बसवलंय अशी माझी खात्री आहे. झाकण बंद असताना पाणी झाकणावरच अडतं, खालच्या खिडक्या कोरड्या. बारीक धार नळीच्या आतल्या अंगाला चिकटून निघून जाते. पण भरलेलं बेसिन एकदम सोडलं की नळी तुडुंब भरते आणि पाणी खिडक्यांतून उलटं फटीत घुसतं. पुढे जिना आहेच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पाहा. सगळं कोरडं पुसून घ्या, नटाभोवती, नळीभोवती आणि ट्रॅपच्या वरच्या नटाभोवती टिशू पेपरची वेगवेगळी पट्टी बांधा. बेसिनमध्ये कपड्यांना घालायची नीळ चार थेंब टाका, भरा आणि सोडा. वरची पट्टी आधी निळी झाली तर दोष कपलिंगचा. वरची पांढरी राहून खालची भिजली तर मात्र मी ट्रॅपची माफी मागेन.

ओव्हरफ्लो नसेल तर ३२ मिलिमीटरचं, फुल थ्रेडचं कपलिंग आणा. पितळीच आणा, वरून क्रोम असतं म्हणून फसू नका, हातात वजन लागलं पाहिजे. बेसिनच्या तळाची जाडी मोजून जा. वाडग्याखाली काउंटरचा दगडही आला तर साधी तीन इंची नळी पुरत नाही, पाच इंची लागते. बहुतेकांचा दुसरा हेलपाटा इथेच होतो.

बसवताना घाई करायची नाही. खाली बादली ठेवून ट्रॅप उतरवा. नट सोडवा, कपलिंग खालून ढकलून वर काढा. मग जे काम सगळे टाळतात ते करा. भोकाच्या वरच्या आणि खालच्या कडेवरचं जुनं सिलिकॉन, पांढरा सिमेंट, क्षारांचा थर, सगळं ब्लेडने खरवडा आणि सुक्या फडक्याने पुसा. ओल्या चिनी मातीवर सिलिकॉन धरत नाही आणि जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही. माझ्याकडे परत आलेल्या दहा कामांतली निम्मी तरी या खरवडण्यात कंजुषी केल्यामुळे आलेली असतात. बोअरचं पाणी असेल तर थर दगडासारखा होतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवलं की सुटतो. मात्र काउंटर संगमरवराचा असेल तर तिथे ते लागू देऊ नका.

मग कडेच्या खालच्या अंगाला सिलिकॉनची शेवयाएवढी जाड रेघ, सलग, गोल, कुठेही न तोडता. कपलिंग भोकात सोडा आणि दाबा. कडेबाहेर सगळीकडून थोडं थोडं आलं पाहिजे. एका बाजूने आलं आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर उचलून पुन्हा. आता खाली या. जिथे वायसर आणि नट बसणार आहेत तेवढ्याच आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे घाला, नट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने, म्हणजे आवळताना टेप गोळा होत नाही. टेपवर बोटाने सिलिकॉनचा पातळ हात फिरवा. हाच जिन्याचा दरवाजा. वायसर वर चढवा, मग चकती, मग नट. वायसरला निमुळती बाजू असेल तर ती वर, भोकाकडे.

शेवटचा नियम उस्तादांचा: वरचा माणूस हलता कामा नये. नट फिरवताना कपलिंगही सोबत फिरलं तर कडेखालची रेघ फाटते आणि सगळी मेहनत वाया. म्हणून वरून जाळीच्या फटीत पकडीचे दोन दांडे अडकवून कोणीतरी धरून ठेवायचं. झाकणाचं कपलिंग असेल तर झाकण फिरवून काढलं की आत पकडायला जागा मिळते. नट आधी हाताने, जाईल तिथपर्यंत. मग पान्याने पाव फेरा, फार तर अर्धा. बाहेर आलेलं सिलिकॉन साबणाच्या पाण्यात बोट बुडवून पुसा. चोवीस तास नळ सोडायचा नाही. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत पिकत जातं, वरून हाताला लागत नाही म्हणजे आतून झालं असं नव्हे. घरात लहान मुलं असतील तर अँगल कॉकच, म्हणजे बेसिनखालचा छोटा नळ, बंद करून टाका.

कपाटाचा तळ वाचणार नाही. फुगलेला प्लाय परत बसत नाही. नवा करताना सुताराला ७१० नंबरचा, म्हणजे आयएस ७१० चा मरीन प्लाय टाकायला सांगा आणि कापलेल्या कडा रंगवून घ्या. पाणी कडेतूनच आत जातं.

साताऱ्याहून एक निवृत्त शिक्षिका :

आमचं बेसिन १९७० च्या आसपासचं, जाड, पांढरंशुभ्र, अजून एक ओरखडा नाही. वडिलांनी बसवलेलं. खालचं पितळी कपलिंग मात्र हिरवं पडलंय आणि आता भिंतीवर ओल येते. दर महिन्याला अ‍ॅसिडने स्वच्छ करते. बेसिन ठेवून फक्त खालचं बदलता येईल का?

उत्तर : येईल, बाई, आणि असं बेसिन टाकून देऊ नका. फक्त ते अ‍ॅसिड आजपासून बंद करा. चिनी मातीला त्याने काही होत नाही, म्हणून बेसिन शुभ्र राहिलं. पण ते भोकातून खाली जाताना दर वेळी पितळ खात गेलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त आधी निघून जातं आणि मागे तांबूस, स्पंजासारखी नळी उरते. नखाने दाबून पाहा, कदाचित भुगाच होईल. आणि हो, अ‍ॅसिड टाकलेल्या ठिकाणी ब्लीचिंगचं पाणी कधीही ओतू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतं.

असलं कपलिंग नट फिरवून निघत नाही. जोर लावला तर पितळ तुटायच्या आधी बेसिन फुटेल. आक्सा ब्लेडने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने, नट उभा कापायचा, एका बाजूने, हळूहळू, आणि मग कापलेल्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून पिळायचा. अर्धा तास लागतो. घाईतल्या प्लंबरला चहा द्या.

काढल्यावर तुम्हाला आट्यांवर पिवळट, कडक झालेलं सूत सापडेल. ते सूत आणि सफेदा. टेफ्लॉन अमेरिकेत १९३८ साली सापडलं, पण आमच्या बाजारात त्याची पांढरी टेप हातोहात मिळायला पुष्कळ वर्षं गेली. तोवर उस्ताद सुताचे वेढे घालायचे आणि वर जवसाच्या तेलात कालवलेला सफेदा लावायचे. मी कालवायचो. बोटं दोन दिवस पांढरी. शिशाचा सफेदा विषारी असतो हे तेव्हा आम्हा पोरांना कोणी सांगितलं नव्हतं, त्याच हातांनी डबा खायचो. पण काम पाहा, तुमच्या वडिलांच्या बेसिनला पन्नास वर्षं एक थेंब नाही, आणि गळलं तेही सुतातून नव्हे, पितळातून. तुम्ही जुनं काढताना तो पांढरा चुरा हाताला लागू देऊ नका, हातमोजे घाला आणि ओल्या कागदात गुंडाळून टाका.

तुमच्या बेसिनला ओव्हरफ्लो असणारच, तेव्हा हाफ थ्रेड घ्या. खिडक्यांचं कपलिंग म्हटल्यावर फटीत पाणी येतंच, ते थांबवायचं नाही. म्हणजे वरच्या कडेइतकंच खालच्या वायसरला आणि आट्यांना जपायचं. वर डोंबिवलीच्या ताईंना सांगितलंय तसंच, फक्त दुकानदाराला विचारताना नाव बदला. आणि खिडक्यांवर सिलिकॉन चढू देऊ नका, नाहीतर ओव्हरफ्लो बुजेल.

पुण्यातून, जरा रागाने :

दोन अंकांमागे तुम्ही कडेखाली पुटी वापरायला सांगितलीत. वापरली. गळती थांबली. पण आमच्या पांढऱ्या संगमरवरी काउंटरवर कपलिंगभोवती तेलकट पिवळं वर्तुळ उमटलंय. आता काय करू?

उत्तर : चूक माझी. प्लंबरची पुटी म्हणजे भिंतीची नव्हे, कडेखाली भरायचा मऊ लगदा; त्यात तेल असतं आणि संगमरवर ते पितो, हे लिहायला मी विसरलो. मला स्वतःला हे १९९० च्या सुमारास कळलं होतं, एका डॉक्टरांच्या घरी, तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त मला बोलावून ते वर्तुळ दाखवलं. तरीही विसरलो.

डाग काढायचा प्रयत्न असा. पुटी पूर्ण काढा. खडूची किंवा टाल्कची पूड घ्या, नेलपॉलिश काढायचा साधा अ‍ॅसिटोन घालून श्रीखंडाइतकं घट्ट कालवा, डागावर पाव इंच थर द्या, वर प्लास्टिक ठेवून कडा चिकटवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढा, वाळू द्या, खरवडा. पूड तेल ओढून घेते. एकदा जाणार नाही, दोन-तीनदा करावं लागेल. खिडकी उघडी ठेवा, जवळ देवाचा दिवाही नको, अ‍ॅसिटोन भडकतो. आधी कोपऱ्यात, जिथे दिसत नाही तिथे करून पाहा.

आणि पुढच्या वेळी सिलिकॉन, पण तेही वाट्टेल ते नव्हे. सिलिकॉनची ट्यूब उघडल्यावर लोणच्याच्या व्हिनेगरसारखा वास आला तर ते पिकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं. चिनी मातीला चालतं, संगमरवराची चकाकी मारतं आणि पितळही काळवंडवतं. दगडासाठी ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागा. त्याला तो वास नसतो. थोडं महाग पडतं. तसंच कपलिंग प्लास्टिकचं असेल तर पुटी नकोच, काही प्लास्टिकं तेलाने कालांतराने तडकतात.

मग पुटी ठेवलीच कशाला दुकानात, असं विचाराल. कारण ती लवकर वाळून कडक होत नाही, लावल्याबरोबर पाणी सोडता येतं आणि पाच वर्षांनी कपलिंग काढायचं झालं तर बेसिन न फोडता निघतं. चिनी मातीचं बेसिन आणि पितळी कपलिंग, एवढ्या जोडीला सिलिकॉनऐवजी पुटीही चालते, मी आजही लावतो. पांढरा सिमेंट मात्र कोणी कडेखाली भरत असेल तर त्याच्या हातून थापी काढून घ्या. नळी कंप पावते, सिमेंट हलत नाही, महिन्याभरात केसासारखी भेग पडते.

मडगावहून :

गळत नाही, पण बेसिनमधून वास येतो आणि रात्री झुरळं वर येतात. कपलिंग नव्याने सील केलं तर जाईल का?

उत्तर : नाही. तुमच्याकडे बहुधा कपलिंगला पांढरा नागमोडी वेस्ट पाइप लावून तो सरळ मोरीच्या भोकात खुपसलाय. मध्ये कुठेही पाणी अडत नाही, म्हणजे गटार आणि तुमचं नाक यांच्यामध्ये दरवाजाच नाही. बॉटल ट्रॅप लावा. नळी वाकवून तिच्यात पाणी अडवायची युक्ती १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासासाठी पेटंट केली, आजही सगळं त्याच वाकड्या नळीवर चाललंय. ट्रॅप असूनही वास येत असेल आणि घर महिनोन्‌महिने बंद राहत असेल तर आतलं पाणी उडून गेलेलं असतं. निघताना तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे खोबरेल ओता, तेलाच्या थराखालचं पाणी उशिरा उडतं. तुमच्याकडे खोबरेलाला तोटा नाही.

न्यू जर्सीहून एक तरुण :

भाड्याचं घर आहे. बेसिनच्या मागे एक दांडी वर-खाली केली की झाकण उघडतं-मिटतं. खाली, नळीच्या मागच्या बाजूने ठिबकतं. इथला प्लंबर नुसतं बघायला यायचे इतके पैसे सांगतो की आईने भारतातून फोनवर ‘तूच कर’ म्हटलं.

उत्तर : आईचं ऐका, पण आधी घरमालकाला लेखी कळवा, भाड्याच्या घरात ते त्याचं काम आहे. तिथल्या कपलिंगला मागून एक आडवी काडी आत जाते, तिच्या टोकाला गोळा असतो, तोच झाकण उचलतो. काडीला धरणारा छोटा नट सैल झाला किंवा गोळ्याजवळचा वायसर झिजला की तिथून ठिबकतं. नट हाताने थोडा आवळून पाहा. फार आवळलात तर दांडी हलणार नाही. नाहीच थांबलं तर गोळा आणि वायसर मिळून छोटं पाकीट मिळतं, ते बदला. सिलिकॉन तिथे लावू नका, तो सांधा हलायला हवा.

कोल्हापूरहून एका ओळीत : बॉटल ट्रॅपच्या नटांना टेप लावायची की नाही?

उत्तर : नाही. ट्रॅपच्या नटाचं काम फक्त आतला वायसर दाबायचं, पाणी वायसर अडवतो. टेप घातली की नट पुरता बसत नाही आणि उलट गळतो. वायसर चिरलेला दिसला तर बदला. एकच काळजी घ्या, ट्रॅपचा वरचा तोंडाचा नट कपलिंगच्या खालच्या आट्यांवर बसतो तिथे आत चपटा वायसर आहे ना हे पाहा. पुष्कळदा तो डब्यातच राहिलेला असतो.

नाशिकहून :

प्लंबरने पाना लावून नट आवळला, ‘कट्’ असा आवाज आला. आता भोकापासून चार बोटं केसासारखी रेघ दिसते. तो म्हणतो आतून एम-सील भरून देतो. चालेल?

उत्तर : नाही. भोकाजवळचा तडा भरून थांबत नाही, कारण नट त्याला कायम खेचत असतो. एक दिवस पूर्ण भरलेलं बेसिन दोन तुकड्यांत खाली येईल, आणि चिनी मातीची धार सुरीसारखी असते. आजच त्याचा वापर बंद करा आणि बेसिन बदला.

त्या प्लंबरबद्दल मला जरा कणव आहे, कारण तो ‘कट्’ मी ऐकलाय. कामावर लागून दोनच महिने झाले होते, शनिवार पेठेतलं घर. उस्ताद बाहेर विडी ओढत होते आणि मी मर्दानगी दाखवायला दीड फुटी पान्यावर लटकलो. आवाज झाला तसा बाहेरून त्यांचा फक्त एवढाच प्रश्न आला, “किती बोटं?” मी म्हटलं, “पाच.” बेसिनचे पैसे माझ्या मजुरीतून आठवडे मोजून कापले गेले. तेव्हापासून बेसिनखाली दीड फुटी पाना मी नेत नाही, आठ इंची नेतो. लांब दांडा असला की हात ओढतोच. नव्या कपलिंगच्या नटाला हात पुरत नसेल तर वायसर चुकीचा आहे किंवा खरवडायचं राहिलंय.

मिरजेहून, वय ७१ :

तुमचं सदर नेमाने वाचतो. मुलं परगावी. हे काम मला एकट्याला या वयात जमेल का, की प्लंबरच बोलावू?

उत्तर : काका, भिंतीवरचं उघडं बेसिन असेल तर जमेल. कपाटातलं असेल तर नको, त्यात शिरल्यावर बाहेर यायला दुसरा माणूस लागतो. सकाळी करा, उजेड असतो आणि काही बिघडलं तर दुकानं उघडी असतात. गुडघ्याखाली गोधडीची चौपदरी घडी. सगळं सामान आधी उजव्या हाताला मांडून ठेवा, उठबस वाचेल: बादली, ब्लेड, सुकं फडकं, टेप, सिलिकॉन, आठ इंची पाना. उतरवलेले वायसर, चकती, नट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर ओळीत ठेवा, मीही अजून तसंच ठेवतो. वर कपलिंग धरायला शेजारचं एखादं पोर बोलवा, पोरांना हे काम आवडतं.

आणि चष्म्याला दोरी बांधा. मान वर करून बघताना तो नाकावरून सुटतो आणि ट्रॅपच्या घाण पाण्याच्या बादलीत पडतो. माझा दोनदा पडलाय.